मोबाइल घरोघरी पोचला, तालीम कुठं अडली?

शुक्रवारची सकाळ उजाडली की मोहल्ल्यातले व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ‘जुमा मुबारक’च्या चित्रांनी भरून जातात. गुलाबाची फुलं, मिनार, मागे उगवता सूर्य. दुपारपर्यंत त्यात एखाद्या मौलानांची दीड मिनिटाची क्लिप, मधुमेहावरचा रामबाण उपाय, ‘सरकार लॅपटॉप देतंय, या लिंकवर अर्ज करा’ असा मेसेज आणि कुठल्या तरी गावातल्या हाणामारीचा व्हिडिओ येऊन पडतो. संध्याकाळी कुणी विचारलं, आज यातून काय शिकलात, तर सांगण्यासारखं फारसं काही निघत नाही. तरीही ‘आता सगळं ज्ञान मोबाइलवर आहे’ हे वाक्य आपण सतत ऐकतो. पालक ऐकवतात, शिक्षक ऐकवतात, तालिमी जलशांत तर ते हमखास असतंच.

या वाक्यात एक गफलत आहे. मजकूर पोचणं आणि शिक्षण होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोस्टमननं पुस्तकांचं पार्सल दारात टाकलं म्हणून घरातलं मूल शिकत नाही. मोबाइलनं पोचवण्याचं काम चोख केलं आहे. त्यापुढचं काम कुणी करायचं, कुठल्या भाषेत करायचं आणि फोन कुणाच्या हातात असताना करायचं, हे प्रश्न मात्र आपण नीट विचारलेले नाहीत. मुस्लिम समाजापुरते ते अधिक तातडीचे आहेत. शाळा अर्धवट सोडून गॅरेजवर, हातगाडीवर किंवा शिलाई मशिनवर बसलेल्या आपल्या मुलामुलींच्या खिशात पुस्तक नाही. फोन मात्र आहे.

अक्षराकडून आवाजाकडे

डिसेंबर १९९२मध्ये ब्रिटनमध्ये पहिला एसएमएस गेला. मेसेजची मर्यादा १६० अक्षरांची ठरली, पण ती रोमन लिपीसाठी. देवनागरीत लिहायला घेतलं की एका मेसेजमध्ये ७० खुणाच मावायच्या आणि काना, मात्रा, वेलांटी यांचीही त्यात वेगळी मोजणी व्हायची. शिवाय अनेक हँडसेटवर मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन उमटायचे. म्हणून आपण मराठी रोमन अक्षरांत लिहायला लागलो. ती सवय अजून गेलेली नाही. उर्दूचंही तेच झालं. म्हणजे फोनवरच्या लिखित जगात आपल्या भाषांना सुरुवातीपासूनच कोपऱ्यात उभं राहावं लागलं.

पुढं चित्र बदललं. २०१३मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजाचा मेसेज पाठवण्याची सोय आली. लिहिता न येणाऱ्या माणसासाठी ही मोठी गोष्ट होती. आखातात कामाला गेलेल्या मुलाशी बोलायला आईला आता शेजारच्या शिकलेल्या पोराची मनधरणी करावी लागेना. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. जून २०२०मध्ये टिकटॉकवर बंदी आली. पण छोट्या व्हिडिओची गोडी गेली नाही, ती इन्स्टाग्राम रील आणि यूट्यूब शॉर्ट्सकडे वळली. २०२३मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर चॅनल आले. २०२४मध्ये त्याच अ‍ॅपमध्ये प्रश्नांची उत्तरं देणारी कृत्रिम बुद्धिमत्ताही येऊन बसली.

या प्रत्येक टप्प्यावर वाचणं कमी आणि ऐकणं-पाहणं जास्त होत गेलं. याबद्दल हळहळणारे बरेच आहेत. मला त्यात तेवढं वाईट दिसत नाही. आपली परंपरा मुळात कानाचीच आहे. कुरआन पाठ करणारा हाफिज कानानं शिकतो. वारकरी कीर्तनातून शिकला, गिरणी कामगार शाहीर अमर शेखांच्या पहाडी आवाजातून शिकला. अडचण आवाजाची नाही. त्या आवाजातून काय सांगितलं जातं आणि ऐकणाऱ्याला उलट बोलता येतं का, हा खरा प्रश्न आहे.

छत्तीसगडमध्ये पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी २०१०मध्ये ‘सीजीनेट स्वरा’ सुरू केलं, त्याचं उदाहरण इथं घेण्यासारखं आहे. साध्या फोनवरून एक नंबर लावायचा आणि गोंडी किंवा हिंदीत आपलं म्हणणं सांगायचं. थकलेली मजुरी, बिघडलेला हातपंप, न मिळालेलं रेशन. सांगितलेलं तपासलं जायचं आणि मग इतरांना तो निरोप फोनवर ऐकता यायचा. स्मार्टफोन नको, इंटरनेट नको, लिहिता येण्याचीही गरज नाही. ज्या भाषेत वर्तमानपत्र निघत नव्हतं, त्या भाषेत माणसं एकमेकांना बातमी देऊ लागली. इथं माणूस ऐकतही होता आणि बोलतही होता. आपल्या ग्रुपमध्ये बहुतेक जण फक्त पुढं ढकलतात.

पलीकडे कुणी आहे का?

करोनाच्या काळात जगभरच्या शाळा बंद पडल्या. तेव्हा आफ्रिकेतल्या बोत्स्वाना देशात एक मोलाचा प्रयोग झाला. सुमारे साडेचार हजार कुटुंबांचे गट पाडले गेले. एका गटातल्या पालकांना दर आठवड्याला गणिताची काही उदाहरणं एसएमएसनं गेली. दुसऱ्या गटाला तोच एसएमएस गेला आणि त्याबरोबर शिकवणाऱ्या माणसाचा पंधरा-वीस मिनिटांचा फोनही गेला. मुलाशी बोलायचं, एक उदाहरण सोडवून घ्यायचं, अडलं तिथं समजावायचं, एवढंच. निष्कर्ष २०२२मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’ या नियतकालिकात छापून आले. नुसत्या एसएमएसनं फारसा फरक पडला नव्हता. ज्यांना फोन गेला, त्या मुलांचं गणित मात्र सुधारलं होतं.

मोबाइलवरच्या शिक्षणाबद्दल आजवर जे काही वाचलं, त्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच. यंत्र तेच, मजकूरही तोच. फरक पडला तो पलीकडे एक माणूस होता म्हणून. ‘तू सोडवलंस का?’ असं विचारणारा कुणीतरी होता.

आता आपल्याकडचा लॉकडाऊन आठवून पाहा. शिक्षकांनी ग्रुपवर पीडीएफ टाकली, यूट्यूबची लिंक टाकली. पालकांच्या फोनवर निळ्या टिका उमटल्या आणि ‘ऑनलाइन शिक्षण सुरू आहे’ असा अहवाल वर गेला. सन्माननीय अपवाद होते. मुलांना रोज फोन करणारे, पाड्यावर जाऊन ओट्यावर शिकवणारे शिक्षकही याच राज्यातले. पण अनेक घरांत शाळा म्हणजे फोनमध्ये साठत गेलेल्या फाइली एवढंच उरलं. शाळा उघडल्या तेव्हा मुलं बेरीज-वजाबाकीला अडखळत होती.

ग्रामीण भागातल्या मुलांचं ‘असर’ सर्वेक्षण २०२४मध्ये झालं. १४ ते १६ वयोगटातल्या सुमारे ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात अभ्यासाशी संबंधित काही केलं, असं ५७ टक्क्यांनी सांगितलं. समाजमाध्यमांसाठी वापरला म्हणणारे होते ७६ टक्के. या आकड्यांवरून मुलांना नावं ठेवणं सोपं आहे. पण एका बाजूला मित्र आहेत, हसू आहे, लगेच मिळणारा प्रतिसाद आहे. दुसऱ्या बाजूला ४० पानांची पीडीएफ आहे आणि ती वाचली की नाही हे विचारायला कुणी नाही. मूल कुठं जाणार?

भाषा कुणाची?

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२०मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं. दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली, त्याचं कौतुक सगळीकडे झालं. पाठ्यपुस्तकात त्यांनी आणलेल्या क्यूआर कोडचंही झालं. फोन धरला की धड्याची ध्वनिफीत किंवा व्हिडिओ सुरू होतो. पुढं ‘बालभारती’च्या पुस्तकांतही हे कोड आले. पण या कामातला एक भाग चर्चेत मागं पडला. त्यांच्या शाळेतल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती. डिसले गुरुजी ती भाषा शिकले आणि धडे त्या भाषेत नेले. क्यूआर कोड पुढं सगळ्यांनी उचलला. भाषेचं मात्र तिथंच राहिलं.

महाराष्ट्रातल्या मुसलमान मुलाची स्थिती काय आहे? बऱ्याच घरांत दखनी, शाळेत मराठी, मशिदीत उर्दू आणि फोनवर हिंदी. कोकणात घरची बोली आणखी वेगळी. २०११च्या जनगणनेत राज्यात मुसलमान सुमारे १ कोटी ३० लाख होते आणि उर्दू ही मातृभाषा सांगणारे सुमारे ७५ लाख. उरलेल्या लाखो मुसलमानांची भाषा मराठी, तिची एखादी बोली किंवा दुसरी कुठली तरी आहे. उर्दू मातृभाषा नोंदवणाऱ्यांची मुलंही मोठ्या संख्येनं मराठी शाळांत शिकतात. तरी त्यांच्यासाठी मराठीत तयार झालेला मोबाइलवरचा मजकूर शोधायला गेलं तर हाती फार थोडं लागतं. धर्माची माहिती हवी तर उत्तरेतल्या किंवा सीमेपलीकडच्या वक्त्यांच्या क्लिपा. इतिहास हवा तर हिंदी चॅनल. कायदा, आरोग्य, करिअर यांवर मराठीत बोलणारे बरेच आहेत. पण त्यांच्या बोलण्यात आपल्या घरातले प्रश्न क्वचित येतात.

या पोकळीची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. एक, आपल्या मुलाला आपली माती परकी होते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला, मलिक अंबरानं औरंगाबादला नहरींनी पाणी आणलं, हे त्याच्या फोनवर कधी येत नाही. दुसरी किंमत अधिक जड आहे. शेजारचा मराठी हिंदू मित्र आपल्याबद्दल मराठीत जे वाचतो, ते बहुतेक आपण लिहिलेलं नसतं. ते फॉरवर्ड असतं. जून २०२३मध्ये कोल्हापुरात मोबाइलच्या स्टेटसवरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, दुकानं फुटली. राजर्षी शाहूंच्या गावात २४ तास टिकणारं एक चित्र एवढं बळकट ठरलं. त्या चित्राआधी कित्येक वर्षं दोन्ही बाजूंच्या पोरांच्या फोनवर काय येत होतं, याचा हिशेब कुणी मांडला नाही.

१९९०मध्ये सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. आम्ही मराठीत लिहू, कारण ही आमची भाषा आहे, असं त्या पिढीनं ठामपणे सांगितलं. त्यांच्या हाती छपाई होती, पदरचे पैसे घालून काढलेली नियतकालिकं होती. आपल्या हाती त्याहून स्वस्त साधन आहे. मराठीत तीन मिनिटांचं चांगलं ध्वनिमुद्रण करायला छापखाना लागत नाही. विषयाची तयारी मात्र लागते, आणि नेमकी तीच आपण टाळतो.

हे कुणी सांगितलं?

फॉरवर्डच्या बाबतीत मुसलमानांकडे एक अस्सल कसोटी आहे. हदीस जमवणाऱ्या विद्वानांनी प्रत्येक कथनाबरोबर ते सांगणाऱ्यांची साखळी नोंदवली. अमुकनं तमुककडून ऐकलं, त्यानं अमक्याकडून. या साखळीला इस्नाद म्हणतात. साखळीतला प्रत्येक माणूस खरा होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती, तो ज्याचं नाव घेतो त्याला कधी भेटला होता का, हे तपासायला चरित्रांचं स्वतंत्र शास्त्र उभं राहिलं. एखादा दुवा कच्चा निघाला की कथन कमजोर ठरायचं, मग मजकूर कितीही गोड असो. खबर आली तर आधी शहानिशा करा, ही ताकीद तर कुरआनच्या सूरह हुजुरातमध्येच आहे. या परंपरेचा अभिमान सांगणारे आपण ‘जैसे मिला वैसे भेजा’ असं लिहून मोकळे होतो.

अशा बेफिकिरीनं माणसं मरतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली ही भिक्षा मागून पोट भरणारी माणसं मंगळवेढा भागातली होती. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज त्या दिवसांत फोनवर फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि ‘फॉरवर्डेड’ अशी खूण लावायला सुरुवात केली. कंपनीनं खूण लावली, ती पाहून थांबायचं की नाही हे आपल्याकडे राहिलं.

लहान नुकसान तर रोजचंच आहे. केंद्र सरकारनं २०२२मध्ये अल्पसंख्याक मुलांची पहिली ते आठवीची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती बंद केली, ती फक्त नववी-दहावीपुरती ठेवली. तरी लहान मुलांचे अर्ज भरायला सांगणारे जुने मेसेज अधूनमधून डोकं वर काढतात. बिचारी आई उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रोजगार बुडवून तहसीलला चकरा मारते. मेसेजवर तारीख आणि पाठवणाऱ्याचं नाव असतं तर तिचे दोन दिवस वाचले असते.

आता यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. मुलं निबंध तिच्याकडून लिहून घेतात, मोठी माणसं मसला विचारतात. फॉरवर्ड निदान कुणाच्या तरी नंबरवरून यायचा, त्याला जाब विचारता यायचा. इथं उत्तर सफाईदार मराठीत येतं, आणि ते चुकलं तर जबाबदार कोण, हे कळत नाही. तिचा वापर करूच नये, असं मी म्हणणार नाही. इंग्रजीतला अवघड धडा सोप्या मराठीत समजून घ्यायला ती उपयोगी पडते. पण ‘हे कुठून आलं?’ हा प्रश्न विचारायची सवय आधी लागलेली नसेल, तर हे साधन मुलाला शहाणं करण्यापेक्षा आळशी करेल.

फोन कुणाच्या हातात?

सगळ्यात अडचणीचा प्रश्न शेवटी घेतो, कारण तो सरकारला किंवा कंपनीला विचारायचा नाही. आपल्या घरात विचारायचा आहे. २०२३च्या ‘असर’नं १४ ते १८ वयोगटातल्या ग्रामीण मुलामुलींची पाहणी केली. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्के. ही पाहणी सगळ्याच समाजांची आहे. पण आपल्या मोहल्ल्यात याहून बरं चित्र असेल, अशा भ्रमात कुणी राहू नये. दहावीला ८५ टक्के मिळवणारी बहीण नोट्स पाहण्यासाठी भाऊ घरी यायची वाट पाहते. भाऊ नापास झालेला असला, तरी फोन त्याचाच.

यामागे धाक आहे हे मान्य. तो खोटाही नाही. जुलै २०२१मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि जानेवारी २०२२मध्ये ‘बुल्ली बाई’ या नावांनी मुस्लिम स्त्रियांचे फोटो चोरून त्यांचा ‘लिलाव’ मांडला गेला. कुठल्या बापाला भीती वाटणार नाही? पण त्या प्रकरणात पुढं काय झालं तेही पाहा. ज्यांचे फोटो वापरले त्यांच्यातल्या अनेकजणी गप्प बसल्या नाहीत. त्यांनी पोलिसात तक्रारी दिल्या, नावानिशी लिहिलं, त्यामुळं अटका झाल्या. त्यांना लढता आलं, कारण फोन, भाषा आणि कायद्याची जुजबी माहिती त्यांच्याजवळ होती. मुलीच्या हातातून फोन काढून घेतल्यानं तिचा फोटो सुरक्षित होत नाही. तक्रार कुठं आणि कशी करायची, एवढं कळायचा तिचा मार्ग मात्र बंद होतो.

मोबाइलच काढून घ्या, शाळेत बंदी घाला, असाही एक सूर आहे. वर्गात फोन नको, हे पटण्यासारखं आहे. पण शाळेबाहेर असलेल्या पोराला ही बंदी काय देणार? त्याच्यासाठी फोन हीच उरलेली खिडकी आहे. तिच्यातून काय दिसावं, याची जबाबदारी आपल्याला घ्यावी लागेल.

त्यासाठी मोठी संस्था, निधी, अ‍ॅप यांची वाट पाहायची गरज नाही. मोहल्ल्यातली लायब्ररी, मशिदीची कमिटी, महिलांचा बचत गट, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप, यांतलं कुणीही सुरुवात करू शकतं. कॉलेजात शिकणाऱ्या एकानं पाच मुलांची जबाबदारी घ्यावी आणि प्रत्येकाला आठवड्यातून एकदा वीस मिनिटं फोन करावा. गणित, वाचन, इंग्रजी, जे अडलं असेल ते. ग्रुपचा नियम करावा की तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव नसलेला मेसेज पुढं जाणार नाही. डॉक्टर, वकील, शिक्षक, इतिहासाचे अभ्यासक आपल्यात आहेत. त्यांनी महिन्यातून एकदा मराठीत पाच मिनिटं बोलून ध्वनिमुद्रण द्यावं, स्वतःच्या नावानिशी. ते शेजारच्या हिंदू मित्रालाही पाठवता आलं पाहिजे, इतकं साफ आणि प्रामाणिक असावं. आणि ज्या घरात एकच फोन आहे, तिथं संध्याकाळचा एक तास मुलीचा, हे बापानं सगळ्यांसमोर जाहीर करावं.

यातलं पहिलं काम तर आजच करण्यासारखं आहे. वीस मिनिटांच्या पाच फोनना आठवड्याला शंभर मिनिटं लागतात. रील पाहण्यात त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो. तुमच्या गल्लीत शाळा सोडलेलं किंवा गणितात अडखळणारं एखादं मूल नक्की असेल. त्याच्या आईचा नंबरही बहुतेक तुमच्याकडे असेल. तो लावा आणि पोराला फोनवर बोलवा.